दम घेणारी गाडी आणि आष्टीची वाट

माझ्या ताईचा मोतीबिंदू दोन हिवाळे नुसता पिकत राहिला, त्याला कारण दोन बंद पडलेल्या गाड्या. पहिल्या वर्षी आष्टीच्या स्टँडवरून निघता निघता एस.टी.नं मान टाकली. दुसऱ्या वर्षी काळीपिवळी जीप गावाच्या वेशीवर धूर ओकून उभी राहिली. दोन्ही वेळा ताई पिशवी उचलून घरी परतली. निघतानाच गाडी बंद पडते म्हणजे वाटच नको म्हणते, असं तिचं शास्त्र. ती शहात्तरची, मी एकाहत्तरचा. तिच्या शास्त्रापुढे माझी तीस वर्षांची मास्तरकी काय चालणार?

या वर्षी मात्र वर्ध्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "मास्तर, ही थंडी शेवटची. आणखी पिकला तर काढणं अवघड आहे." गुरुवारची सकाळ ठरली. मुलगा अवी म्हणाला, "बाबा, आता नवी गाडी आहे. बुधवारी जाऊ आणि आत्याला घेऊनच येऊ."

हे २००९ सालचं. अवीची गाडी उंच, डिझेलची, सात माणसांची. तिच्यात एक नवलाचं यंत्र बसवलेलं होतं. चौकात थांबलात, गिअर न्यूट्रलला टाकलात, क्लचवरचा पाय काढलात, की चार-पाच सेकंदांत इंजिन आपोआप गप्प. पुन्हा क्लच पूर्ण दाबला की आपोआप सुरू. डिझेल वाचतं म्हणे. पहिल्यांदा ती शांतता ऐकली तेव्हा मला एकदम वर्गातला फळा आठवला. मंदाक्रांता शिकवताना चौथ्या अक्षरापाशी, मग पुढच्या सहांपाशी खडूची उभी रेघ मारायचो आणि सांगायचो, "पोरांनो, ही यती. इथं कविता संपत नाही, श्वास घेते." अवी म्हणाला, "बाबा, ही मायलेजची भानगड आहे."

बुधवारी सकाळी सातला वर्ध्याच्या घरून निघालो. स्टँडजवळच्या हातगाडीवर तर्री पोहे खाल्ले, दहा रुपये प्लेट, डोळ्यांत पाणी फुकट. ताईसाठी गोरसपाक, म्हणजे वर्ध्याची ती गाईच्या तुपातली बिस्किटं, बांधून घेतला, तो तिला फार आवडतो. ज्यांना या वाटेनं जायचं असेल त्यांच्यासाठी सांगतो: वर्धा, आंजी, खरांगणा, आर्वी, तळेगाव, आष्टी. तीन तास धरून चाला. खरांगण्यापुढे सागाच्या रानातून रस्ता जातो, पण खड्डे असे, की नवी गाडीही म्हातारीसारखी कंबर धरून चालते.

वर्ध्यातच, आर्वी नाक्यावर पहिली गंमत झाली. समोर कापसाचा ट्रक आडवा आला. आम्ही थांबलो, इंजिन गप्प झालं. ट्रक हलला, अवीनं क्लच दाबला, आणि काहीच नाही. पुन्हा दाबला. काही नाही. मागून हॉर्नचं वऱ्हाड वाजू लागलं. शेवटी त्यानं चावी मागे फिरवून पुन्हा मारली, तेव्हा गाडी जागी झाली.

"कालपर्यंत ठीक होती," तो पुटपुटला. "गिअर पण जरा कुरकुरून राह्यला."

आंजी गावात गाडी कडेला घेऊन त्यानं गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडलं. सीटबेल्ट? लावलेला. बॉनेट? घट्ट. दार? बंद. शोरूमला फोन लावला तर तिथला माणूस म्हणाला, "बॅटरी उतरली असेल, साहेब." चार महिन्यांची बॅटरी! शेवटी अवीनं डॅशबोर्डवरचं बटण दाबून ते यंत्रच बंद करून टाकलं. "फक्त एक लक्षात ठेवायचं," तो म्हणाला, "चावी नव्यानं मारली की हे बटण पुन्हा दाबायचं. नाही तर यंत्र आपलं परत सुरू."

मी मान डोलावली आणि सागाची पानं बघत बसलो.

आर्वीत चहा घेतला. तळेगावला नागपूर-अमरावतीचा मोठा रस्ता ओलांडला, की पुढे आष्टीपर्यंत दोन्ही बाजूंना संत्र्यांचे बगीचे. झाडाखाली फळांचे ढीग, हवेला सालीचा वास. काचा खाली घ्या, एवढंच सांगतो.

ताई तयार होती. डोक्यावरून पदर, हातात पिशवी, चेहऱ्यावर मात्र संशय. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा असं जेवण झालं. शेजारणी जमल्या. कुणी हातावर दही-साखर ठेवली. "जाऊन येजो, शांताबाई," सगळ्या म्हणाल्या. ताई मागच्या सीटवर बसली. अवीनं चावी मारली. तेवढ्यात कुणाला तरी तिची औषधाची पुडी आठवली, ती आणायला एकजण आत धावली. अवी वाट बघत राहिला, गिअर न्यूट्रलला, पाय मोकळा.

बटण तो विसरला होता. मीही.

इंजिन गप्प झालं. त्या गल्लीत ती शांतता एवढी मोठी वाटली, की कोंबडी फडफडली तेही ऐकू आलं. अवीनं क्लच दाबला. एकदा, दोनदा.

"बंद पडली," ताई म्हणाली आणि दार उघडून खाली उतरली.

"आत्या, थांब ना, चावी मारतो."

"मले नाई यायचं. तिसऱ्या खेपेले बी तेच. अजून काय सांगावं लागते माणसाले?"

ती ओट्यावर जाऊन बसली. धूसर डोळ्यांनी माझ्या दिशेनं बघत होती, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जात होती. तिला माझा चेहरा नीट दिसत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा खरोखर कळलं. उद्या सकाळी डॉक्टर वाट बघणार होते, आणि ही आता उठणार नव्हती.

कुणीतरी शेजारच्या चौकातून सलीमभाई मिस्त्रींना बोलावून आणलं. जीप आणि ट्रॅक्टरवर हात बसलेला माणूस, असली गाडी पहिल्यांदाच बघत होता. त्यांनी बॉनेट उघडलं नाही, की बॅटरीकडे पाहिलं नाही. अवीला म्हणाले, "साहेब, तुम्ही फक्त क्लच दाबा." स्वतः रस्त्यावर उकिडवे बसून त्यांनी अवीच्या पायाजवळ मान घातली. "और दबाओ. पूरा."

"पूराच आहे."

"नाई ना. एक बोट बाकी हाये." त्यांनी आत हात घातला आणि ओढून काढलं ते सरकीचं पोतं. चौघडी घातलेलं. "ये बोरा किसने डाला?"

मी आकाशाकडे पाहिलं. सकाळी, निघायच्या आधी, नव्या गाडीचा नवा गालिचा खराब होऊ नये म्हणून ते मीच घातलं होतं. सीटवरचं प्लास्टिकही मीच अजून काढू दिलेलं नाही. पोत्यामुळे क्लच तळापर्यंत जात नव्हता, आणि तळाला टेकल्याशिवाय यंत्राला कळत नव्हतं, की मालकाला निघायचं आहे.

"बाबा!" अवी एवढंच म्हणाला. त्यात सगळं आलं.

"मास्तर," सलीमभाई हसत म्हणाले, "गाडी को रजई ओढाई तो सोयेगी ही."

शेजारणींना हसू आवरेना. ताई मात्र हसली नाही. मी ओट्यावर तिच्याजवळ जाऊन बसलो.

"ताई, ती बंद पडली नव्हती. थांबली होती."

"एकच हाये ते."

"एकच कसं? आठवते का, मी कविता पाठ करायचो तेव्हा तू पुस्तक धरून बसायचीस?"

ताईला चौथीतून काढली होती. माझं पुस्तक मात्र ती माझ्याआधी वाचून काढायची. मी सगळ्या ओळी एका दमात पळवायचो आणि ती भिंतीवर बोट आपटायची, 'इथं थांब. दम घे. मंग चाल.' यती हा शब्द मला पुढे कॉलेजात कळला. यती शिकवली होती ताईनं.

तिनं गाडीकडे मान वळवली. मग हळूच म्हणाली, "दम घेते का थे?"

"तूच बघ."

ती उठली. ड्रायव्हरच्या दाराशी उभी राहिली, एक हात दाराला धरून. इंजिन चालू झालं, अवीनं पाय काढला, आणि गप्प.

"चाल," ताई म्हणाली.

अवीनं क्लच दाबला. गाडी गुरगुरत जागी झाली. ताईच्या तोंडावर जे हसू आलं ते मी पुस्तकाच्या दिवसांनंतर पाहिलं नव्हतं. तिनं तसं पाच वेळा करायला लावलं. पाचव्या वेळी शेजारणीही तिच्याबरोबर म्हणाल्या, "चाल!"

मग ती गाडीत बसली. पोतं तिनं मांडीवर घेतलं. "मिरच्या वाळवाले होईन."

परतीच्या वाटेवर अवीनं बटणाला हात लावला नाही. तळेगावला थांबलो, आर्वीत म्हशी आडव्या आल्या, प्रत्येक वेळी मागून आवाज यायचा, "चाल." शेवटी अवी तिच्या आवाजाची वाट बघायला लागला.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारणीनं कुंपणावरून विचारलं, "काय हो शांताबाई, डोळा बंदच काऊन?"

पट्टीवर हात ठेवून ताई म्हणाली, "बंद नाई पडला, बाई. दम घेऊन राह्यला."

महिनाभरानं, फाल्गुनात, तिला परत सोडायला गेलो. जाताना तिनं रस्त्यावरची एकेक पाटी मोठ्यानं वाचली, दुकानांच्या, गावांच्या, अगदी ट्रकच्या मागचीसुद्धा. आष्टीला उतरल्यावर माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "बापू, तू किती म्हातारा झाला रे!" डोळ्याचा खर्च वसूल झाला म्हणायचा.

येताना मागची सीट रिकामी होती. संध्याकाळी आर्वी नाक्यावर गाड्यांची रांग लागली. इंजिन गप्प झालं. रांग हलली, तरी आमची गाडी जागीच. मी अवीकडे पाहिलं. त्याचा पाय क्लचवर होता, पण त्यानं तो दाबला नव्हता. तोही मागून आवाज येण्याची वाट बघत होता.

मागचा हॉर्न वाजला, तेव्हा मीच म्हणालो, "चाल."

अवीनं क्लच दाबला.