ट्रान्सफॉर्मरचा माणूस

माझे सासरे जातपात मानत नसत. जात विचारणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा ते घेत नसत. पण जगातली झाडून सगळी माणसं त्यांनी दोन प्रकारांत वाटून टाकली होती, आणि ही वाटणी कुठल्याही जातीपेक्षा कडक होती, कारण तिच्यावर अपील नव्हतं. एक ट्रान्सफॉर्मरची माणसं आणि दुसरी मोटरची. अंबरनाथला मोरिवलीच्या अंगाला, ट्रान्सफॉर्मर आणि मोटर यांच्या पोटात बसणारे पोलादी पत्रे कापण्याचा एक कारखाना होता. तिथे तपासणीच्या टेबलावर त्यांनी उभी हयात काढली होती, त्यामुळे उपमा शोधायला त्यांना लांब जावं लागत नसे. "ट्रान्सफॉर्मरचा पत्रा एकाच दिशेनं लाटलेला असतो," ते समजावत. "त्या दिशेनं लावला तर त्याच्यासारखा गुणी नाही. आडवा लावलास की हटून बसतो, तापतो, कुरकुरतो. मोटरच्या पत्र्याला असली नाटकं नाहीत. मोटर गोल फिरते, तिला एक दिशा धरून कसं चालेल? तो सगळीकडून सारखा. कुठूनच फार ग्रेट नाही, पण कुठूनच अडत नाही." मग आमच्या गल्लीतले डॉक्टर ट्रान्सफॉर्मरचे ठरत, कारण ताप सोडून त्यांना दुसरं काही कळत नसे. न्हावी मोटरचा ठरे, कारण एका दाढीत तो राजकारण, मुलांची लग्नं आणि बारवी धरणातलं पाणी असं सगळं फिरून येई. सासूबाई मोटरच्या, यात दुमत नव्हतं. आणि स्वतः ते ट्रान्सफॉर्मरचे होते. हे ते अभिमानाने सांगत नसत, खंतावूनही सांगत नसत. रक्तगट सांगावा तसं सांगत.

कारखान्यात त्यांना सगळेच मामा म्हणत. मीही म्हणायचो. पुढे तो हक्क मला एकट्यालाच रीतसर मिळाला, इतकंच. मामांचा उजव्या हाताचा अंगठा हे कारखान्यातलं सगळ्यात महागडं यंत्र आहे असं शेठ म्हणत. पत्रा कापला की कडेला बारीक धार उरते, तिला आमच्यात बर म्हणतात. ही बर जास्त झाली की पत्रे एकमेकांवर नीट बसत नाहीत. मामा कडेवरून अंगठा फिरवत आणि माल पास की नापास ते सांगत. मोजमापाचं उपकरण नंतर तेच सांगे, पण वेळ लावून. अडचण अशी होती की हा अंगठा कारखान्याच्या फाटकावर ठेवून घरी येता येत नसे. लग्नाची पत्रिका हातात आली की आधी कडेवरून अंगठा, मग मुलाचं नाव. एकदा उल्हासनगरला एका सिंधी दुकानात सासूबाईंनी स्टीलची सहा ताटं पसंत केली, आणि मामांनी सहाच्या सहा नापास केली. मग दुकानदाराने माडीवरून आणखी काढली. तीही नापास झाली. शेवटी दुकानदार हात जोडून म्हणाला, "साईं, इसमें खाना खाना है कि दाढ़ी बनानी है?" मामा शांतपणे म्हणाले, "खाना ही खाना है, इसीलिए देख रहा हूं." त्या घरात पुढे बरीच वर्षं पितळेच्या ताटांत जेवण झालं.

दुसरी गोष्ट माराची. कापताना पत्र्याला मार बसतो, त्याच्या आत ताण धरतो, आणि तेवढ्याने त्याचा गुण उतरतो. म्हणून त्याला भट्टीत घालून तापवायचं आणि दार बंद ठेवून हळूहळू निवू द्यायचं. घाईने दार उघडलं की सगळं मुसळ केरात. हा नियम मामांनी जसाच्या तसा संसाराला लावला होता. त्यांच्या शिरगावच्या घरात कुणी भांडं आपटायचं नाही, दार धाडकन लावायचं नाही, पोरांवर हात उचलायचा नाही. नारळ फोडायला ते मागच्या अंगणात अगदी कुंपणापर्यंत जात, घरातल्या वस्तूंना धसका बसू नये म्हणून. सासूबाईंशी खटका उडाला की ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसत आणि कारखान्यातली एक पाळी संपेल एवढा वेळ, म्हणजे चांगले आठ तास, एक अक्षर बोलत नसत. सासूबाई मधूनच विचारत, "झालं का गार?" मामा नुसती मान हलवत. आठ तासांनंतर उठून म्हणत, "हां, आता बोल." तोवर सासूबाईंना भांडण कशावरून होतं तेच आठवत नसे, आणि त्यामुळे त्या जास्त चिडत.

अशा माणसाच्या मुलीशी मला लग्न करायचं होतं.

मी उल्हासनगरच्या कॅम्पातला. पंचविशीच्या आत मी फर्निचरला पॉलिश केलं होतं, जीन्सना बटणं लावली होती, पंख्यांच्या मोटरचे पत्रे कापले होते, आणि मोरिवलीच्या कारखान्यात कटिंगला लागल्यावरही आपण कारकून व्हावं असं वाटून बदलापूर स्टेशनजवळ टायपिंग शिकायला जात होतो. तिथे शिकवायला सुजाता होती. ती मामांची मुलगी आहे हे मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. टायपिंग मला आलं नाही. पण सुजाताने एका सोमवारी आपल्या वडिलांना सरळ सांगितलं, की हा मुलगा मी बघितलाय, मला पसंत आहे, तुमचं काय ते सांगा. मामा म्हणाले, "रविवारी सांगतो." त्या आठवड्यात ते कारखान्यात माझ्याकडे बघून नेहमीसारखीच मान हलवत होते, आणि त्या मान हलवण्याचा अर्थ लावण्यात माझी झोप उडाली होती.

आणि नेमका त्याच आठवड्यात मी हुशारी केली. ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या कापताना प्रत्येक पत्र्याच्या शेवटी एक तुकडा उरून भंगारात जाई. माझ्या लक्षात आलं की पट्टी आडवी धरली तर त्या तुकड्यातून आणखी दोन निघतात. पंख्यांच्या पत्र्याला दिशा नसते, तिथे आम्ही असंच करायचो. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्याला असते, हे मी मामांच्या तोंडून दहा वेळा ऐकलं होतं, पण ते मला माणसांबद्दलचं वाटायचं. कापलेली पट्टी आडवी काय नि उभी काय, दिसायला सारखीच. शेठ तर भंगाराचा ढीग लहान झालेला बघून खूश झाले. "वाह, दिमाग है तेरे में," म्हणाले. सगळा लॉट माझ्या नावाचा टॅग लागून तपासणीला गेला, पास झाला, खोक्यांत भरला आणि गुरुवारी संध्याकाळी ट्रकवर चढला.

सुटी झाल्यावर मामा डबा घेऊन फाटकाकडे निघाले होते. ट्रकवरचं एक खोकं अजून उघडं होतं. सवयीने त्यांनी वरची पट्टी उचलली, मावळत्या उन्हात तिरकी धरली, लाटल्याच्या पुसट रेघांवरून अंगठा फिरवला, आणि थांबले. मग दुसरी उचलली. मग त्यांनी डबा खाली ठेवला. "शेठ, गाडी खाली करायला सांगा. उभ्यात आडव्या मिसळल्यात."

शेठ धावत आले. "मामा, दो-चार टुकड़ा आड़ा है तो क्या हुआ? कौन देखेगा?"

"ट्रान्सफॉर्मर देखेगा, शेठ."

गाडी खाली झाली. कुणी कापलं, असं शेठनी विचारलं. मामांनी माझं नाव सांगितलं. माझ्याकडे बघून सांगितलं, आवाज न चढवता. शुक्रवारी सकाळी शेठनी माझा हिशेब केला. शनिवारपासून मामांनाही तपासणीच्या टेबलावरून काढून मागच्या भंगाराच्या शेडमध्ये बसवलं. गिऱ्हाइकाची तारीख चुकवल्याचा राग शेठनी दोघांवर काढला, असं सगळे म्हणाले आणि मीही तसंच समजलो. लॉट मुळात पास कसा झाला, असा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पण माझ्या डोक्यात फक्त रविवार होता.

रविवारी मी शिरगावला गेलो तो नकार ऐकण्यासाठीच. सुजाताने दार उघडलं, तिचे डोळे सुजलेले होते. मामा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते.

"नोकरी गेली?" त्यांनी विचारलं.

"गेली, मामा."

"जायलाच पाहिजे होती. आता काय करणार?"

"कॅम्पात वाइंडिंगचं दुकान टाकतो म्हणतोय. मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप."

"म्हणजे मोटरीच." ते बराच वेळ गप्प राहिले. आठ तास लागतात की काय, असं वाटून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, "ट्रान्सफॉर्मरला तू काही कामाचा नाहीस. पण संसार म्हणजे ट्रान्सफॉर्मर नव्हे. तिथं मोटरचाच माणूस लागतो."

मला काहीच कळेना. मी सुजाताकडे बघितलं, तिने सासूबाईंकडे.

"हो म्हणतायत ते," सासूबाई म्हणाल्या. "चहा घे."

लग्न विहारात झालं. दुकान सुरुवातीला रडतखडत चाललं, मग बरं चाललं. मामा दर महिन्याला यायचे, दुरुस्त झालेल्या पंख्यांवरून अंगठा फिरवायचे आणि काही न बोलता जायचे. माझ्या मनात एक बारीक सल मात्र राहिली होती. हा माणूस न्यायी आहे, मला ठाऊक होतं. पण होणाऱ्या जावयाचं नाव घेताना त्यांची जीभ क्षणभरसुद्धा अडखळली नव्हती, आणि मला ते लागलं होतं. बायकोला मी तसं कधी सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कारखाना बंद पडला. एके दिवशी शेठ स्वतःच टेबलफॅन घेऊन माझ्या दुकानात आले. थकले होते. स्टुलावर बसले, चहा घेतला, आणि मामांची चौकशी करता करता म्हणाले, "तेरे ससुर जैसा आदमी नहीं देखा. टेबल से मैंने नहीं हटाया उसको. खुद आया मेरे पास. बोला, उस लॉट पे साइन मेरा है, मैंने बिना देखे किया. जो बिना देखे साइन करे, उसको इस टेबल पे मत बिठाओ. मैंने बहुत बोला, साईं, एक बार हो जाता है. माना नहीं."

मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि शिरगावला गेलो. मामा ओट्यावर पेपर वाचत होते. आता त्यांना बरंच कमी दिसायचं, पण पेपर सोडला नव्हता. मी सरळ विचारलं, की माझा लॉट तुम्ही न बघता पास केला होता का?

त्यांनी पेपरची घडी घातली. "केला होता."

"का, मामा?"

"चूकच झाली ती," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, जरा ओशाळून, "टॅगवर तुझं नाव होतं. म्हटलं, याला आमच्या पोरीनं बघितलेलं आहे. मग मी परत काय बघायचं?"

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलो. आतून सासूबाई चहा टाकू का म्हणून विचारत होत्या.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. या काळात बँकेने मला तपासलं, डॉक्टरांनी तपासलं, मुलीच्या सासरच्यांनीही नीट उलटसुलट करून तपासलं, आणि त्यात कुणाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण नुसतं माझं नाव वाचून सही करणारं माणूस मला तेवढं एकच मिळालं, आणि मी त्यांच्यावर दहा-बारा वर्षं मनातल्या मनात रुसून होतो.