गुरुजींचा एक जून

त्या शनिवारी इकडं परदेशात, आमच्या टाकानिनीच्या घरात पाच जण हजर होते. मी सिंधू, माझा मुलगा प्रशांत, सून मेघना, नऊ वर्षांची नात ईरा आणि माझे धाकटे दीर वसंतभाऊजी. भाऊजी राहतात याच शहरात, पण लांब हिल्सबरोला, पण आमच्याकडं काही ठरायचं असलं की त्यांना कसा कोण जाणे वास लागतो. पुढचा घोटाळा मी केला. आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना दुसऱ्या कुणावर संशय नको.

मी शिकले तिसरीपर्यंत. मालक गेले तेव्हा प्रशांत नववीत होता. कराडला पंधरा वर्षं लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या, त्यावर तो शिकला, नोकरीला लागला आणि मला इकडं घेऊन आला. इकडं येऊन मी काय केलं? पोळ्याच लाटल्या. (एवढं विमानाचं तिकीट काढून, लाटणं तेच.) आपल्या एकट्या राहणाऱ्या पोरापोरींना डबे आणि दिवाळीत चकल्या. प्रशांत म्हणाला, "आई, पैसे घेतेस तर रीतसर टॅक्स भरायचा." तेव्हापासून मी सेल्फ एम्प्लॉईड. म्हणजे डोक्यावर साहेब नाही आणि सुट्टीही नाही.

तर भाऊजी आले, चपला काढायच्या आत म्हणाले, "वहिनी, चहा नंतर. किवीसेव्हरमध्ये पैसे भरता का तुम्ही?"

"ते काय असतं?"

"म्हातारपणची बचत. नोकरीवाल्यांच्या पगारातून कापतात. तुमचं कोण कापणार? तुम्हाला आपणहून भरायला लागतं. नाही भरलं तर सरकारी पेन्शन अर्धीच."

प्रशांतनं फोनमधून डोकं काढलं. "काका, त्याचा आणि पेन्शनचा संबंध नाही. पेन्शन सगळ्यांना सारखी."

"कुणी सांगितलं?"

"नेटवर आहे."

"नेटवर मी पण म्हातारा दिसतो. अरे, पोत्यात जास्त घातलं तर जास्त निघतं. याला नेट कशाला लागतं?"

मेघना फार्मसीत काम करते, ती औषध देताना बोलते तसं हळूच बोलली, "पण काका, पासष्टनंतर त्यात नवीन नाव घालता येत नाही. आणि आईंना बुधवारी पासष्ट पूर्ण होतायत. एक जूनला."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. फ्रिजमधल्या दुधाची तारीख संपत आल्यावर बघतात तसे.

रविवारी मला एका जागी बसवेना. कपडे वाळत घातले, ओलेच काढले, परत घातले. चकलीच्या पिठात दोनदा मीठ पडलं. कारण माझा बिस्किटाचा डबा. त्यात टॅक्स भरून उरलेले पैसे होते, अक्काकडं जायच्या तिकिटाचे. अक्का माझी थोरली बहीण, कराडला असते, तिचे डोळे गेलेत. फोनवर म्हणायची, "सिंधे, एकदा येऊन जा. दिसत नसलं तरी हात लावून कळेल मला." डबा त्या स्कीममध्ये रिकामा केला तर अक्का राहिली. नाही केला आणि भाऊजींचं खरं निघालं, तर जन्मभर अर्धी पेन्शन आणि साबणासाठी पण लेकाकडं हात पसरायचा. मालक गेल्यापासून कुणाकडं काही मागितलं नव्हतं. पासष्टाव्या वर्षी नवीन सवय कशाला?

सोमवारी सरकारी हापिसात गेलो. पेन्शनचा फॉर्म द्यायचा होताच. एका म्हातारीच्या एका प्रश्नासाठी पाच माणसं. मेघनानं रजा घेतली, ईराला शाळेतून घेतलं, आम्ही नको म्हणत असताना भाऊजी गाडीत पुढं बसले. मी चकल्यांचा डबा घेतला. (दुप्पट मिठाच्या. टाकायच्या कशाला?)

काउंटरवरची बाई "किया ओरा" म्हणाली, म्हणजे इकडचा नमस्कार, आणि तीन खुर्च्या जास्त मागवल्या. माझं इंग्रजी भाजीच्या दुकानापुरतं, म्हणून ईरा मध्ये बसली. बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पैसे भरून ही पेन्शन वाढत नाही, न भरून कमी होत नाही. इथं किती वर्षं राहिलात ते बघतो आणि वय पासष्ट झालं का ते बघतो. तुमची दहाच्या वर वर्षं झालीत. किवीसेव्हर ही तुमची स्वतःची बचत. सरकार त्यात थोडी भर घालतं, पण आत्ता नाव घातलं तर पैसे पाच वर्षं काढता येणार नाहीत."

प्रशांतनं भाऊजींकडं बघितलं. भाऊजी छताकडं बघत म्हणाले, "मी तरी वेगळं काय म्हणत होतो?"

पाच वर्षं अक्का थांबणार नव्हती. माझं तिथंच ठरलं. उठून घरी आलो असतो तर ही गोष्टच झाली नसती. पण बाई भली. फॉर्म बघून हसली आणि म्हणाली, "बुधवारी वाढदिवस! शुभेच्छा."

आता खोट्या वाढदिवसाच्या शुभेच्छा कशा घ्यायच्या? मी ईराला म्हटलं, "सांग तिला, तो काय माझा खरा वाढदिवस नाही."

इतर वेळी ही पोरगी दहा हाका मारल्या तरी एका शब्दाचं उत्तर देते. त्या दिवशी शब्दन् शब्द सांगितला.

बाईचं पेन थांबलं. प्रशांत म्हणाला, "आई, गप." पण मला वाटलं, अर्धं सांगितलं तर लबाडी वाटेल. मग पूर्ण सांगितलं. आमच्या गावात जन्माची तारीख कोण लिहिणार? शाळेत घालायला नेलं की गुरुजी म्हणायचे, हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लाव. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं, आणि शाळा जूनमध्ये, म्हणून सगळ्यांचा जन्म एक जूनचा. माझे हात लहानपणापासून लांब. आई म्हणायची, माकडाचे हात घेऊन आलीय, हिला कोण करून घेणार. साडेचार वर्षांची असताना माझा हात कानाला लागला आणि गुरुजींनी सहा लिहिले.

बाईला कळेना, म्हणून मी उभी राहून करून दाखवलं. ईरानं केलं. शेजारच्या काउंटरवरच्या माणसानं पण करून बघितलं, त्याचा पोहोचला नाही.

"म्हणजे तुम्ही त्रेसष्टच्याच?" बाईनं विचारलं.

"साडेत्रेसष्ट," मी बोटं दाखवून सांगितलं. प्रशांतनं डोळे मिटले.

भाऊजी मदतीला धावले. खिशातून स्वतःचा पासपोर्ट काढून काउंटरवर ठेवला. "बघा, माझा पण एक जून." मग ओळीनं सांगितलं, दादाचा एक जून, आत्याचा एक जून. बाईनं फॉर्म बाजूला सरकवला आणि आतून मोठ्या साहेबाला बोलावलं. दीड वर्षाची पेन्शन माझ्या डोळ्यांदेखत त्या दारातून बाहेर चालली होती.

साहेबानं विचारलं, "दुसऱ्या तारखेचा काही कागद आहे?"

"कागद नाही. पण मी झाले त्याच आठवड्यात आमची गाय व्याली होती. अक्काला आठवतंय."

ईरानं गाय पण इमानदारीत सांगितली. साहेबांनी माझा पासपोर्ट उघडून तारखेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "आम्ही पासपोर्ट धरतो. पासपोर्टवर बुधवार आहे. तर बुधवार." आणि एक चकली उचलली. एक घास खाऊन त्यांनी पाणी मागितलं.

आम्ही गाडीत बसलो. मोटरवेला लागल्यावर मेघनाला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. जुलैमध्ये मी डब्यातल्या पैशांनी कराडला जाऊन आले. अक्कानं माझे हात चाचपले आणि म्हणाली, "सिंधूच ही. एवढे लांब हात दुसऱ्या कुणाचे?"

लोक जन्मभर पैसे भरतात तरी पेन्शन एक दिवस आधी मिळत नाही. मला दीड वर्ष आधी मिळाली, आणि मी त्यासाठी लावला तो फक्त हात. तो पण कानाला.

हे वाचणाऱ्याला एकच सांगणं आहे. हापिसात जाल तेव्हा विचारतील तेवढंच बोला, आणि चकल्या आधी घरी चाखून बघा.