व्हॉल्व्ह तापेपर्यंत

दिव्यावरची धूळ तापून वास सुटला, की मी मनाने श्रीगोंद्याच्या आमच्या पुढच्या खोलीत जाऊन बसते. वडिलांच्या रेकॉर्ड प्लेअरला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर होता. दिवेलागणीला ते बटण दाबत, व्हॉल्व्हच्या काचेच्या नळ्या हळूहळू शेंदरी होत, तापल्या धुळीचा वास पसरे आणि मग कुठे गाणं उमटे. आईला हाक कुणी मारत नसे. बटणाचा खटका ऐकूनच ती चूल आवरू लागे. एकदा काकांनी पुण्याहून ट्रान्झिस्टरचा नवा अँप्लिफायर आणला. बटण दाबताच गाणं सुरू झालं, अगदी लख्ख. आई पदराला हात पुसत आली तेव्हा ते संपत आलं होतं. मग काकांनी तीच तबकडी जुन्यावरही वाजवली आणि विचारलं, “वहिनी, कोणता बरा?” आई म्हणाली, “नव्याचा आवाज लई साफ हाय. पर जुना तापंपर्यंत माजं हात धुऊन हुत्यात.” घरात नवाच राहिला. पण रोज बटण दाबल्यावर वडील सुई बोटावर तोलून थांबत आणि आई येऊन टेकली की अलगद खाली सोडत. आता फोनला बोट लावलं की गाणं लागतं. तरी बोट टेकवण्याआधी माझी नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे जाते.