सीलवरचं कुंकू

शैले, मी घर सोडलं त्या दिवशी तू फाट्यापर्यंत आली नाहीस. तुला कणकण आहे असं आई म्हणाली, पण तू रुसली होतीस हे मला ठाऊक होतं. एसटीला उशीर झाला होता. बाबा माझी वळकटी स्वतःच्या खांद्यावर घेऊन असे उभे होते की बघणाऱ्याला वाटावं, जायचं त्यांनाच आहे. खरं तर ते वर्षभरापूर्वीच परत आले होते. गिरण्यांच्या संपानं त्यांना गावी पाठवलं आणि घरात कमावतं कुणी उरलं नाही म्हणून मला मुंबईला. वळकटीसुद्धा तीच. धूळ उडवत गाडी आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "गो बाय, मशिनीक हात लावच्या आधी पाया पड. ती आपणाक जेवूक घालता." इतर बाप मुलीला जपून राहा म्हणून सांगतात. आपल्या बाबांनी मशिनीची काळजी केली.

नाहूरला आत्याच्या खोलीत मी उतरले. बैठी चाळ, मागे गवत आणि म्हशींचा गोठा. आत्या एकटीच होती, तिला सोबत झाली आणि मला छप्पर. गणितातली बी.एस्सी. गावात कुणाला कळत नव्हती, मुंबईत कुणाला हवी नव्हती. म्हणून घाटकोपरला कॉम्प्युटर चालवायचा कोर्स केला आणि मुलुंडच्या एका कंपनीत ऑपरेटर म्हणून लागले. कंपनी मोठाले बॉयलर बनवायची. त्यांच्या डिझाइनची गणितं करायला अमेरिकेहून एक कॉम्प्युटर आला होता, गोदरेजच्या दोन कपाटांएवढा. तुझ्या मुलीच्या हातातला फोन त्याच्यापेक्षा हुशार असेल. पण त्या काळी त्याच्यासाठी थंडगार खोली होती आणि आम्ही पंख्याखाली घामाघूम.

आता तुला जे कधीच नीट सांगितलं नाही ते सांगते. तुझ्या लग्नाला का आले नाही असं तेव्हा तू विचारलंस आणि मी म्हटलं, रजा मिळाली नाही. इतकं सोपं नव्हतं ते.

आपल्या देशाची रशियाशी दोस्ती होती. रणगाडे त्यांचे, विमानं त्यांची. रशियाच्या फौजा अफगाणिस्तानात घुसलेल्या, म्हणून अमेरिका पाकिस्तानला हात सैल सोडून शस्त्रं पुरवत होती. आणि आपण अगदीच रशियाच्या पदरात पडू नये म्हणून आपल्यालाही थोडंथोडं काही देत होती. शेजारणीला सोन्याच्या बांगड्या द्याव्यात आणि आपल्याला वाटीभर साखर, वर ती साखर कुणाच्या चहात घातलीस म्हणून चौकशी करावी, तसा तो प्रकार. आमच्या कॉम्प्युटरची साखर रशियाच्या चहात पडू नये म्हणून अटी होत्या. खोलीला कुलूप. मशिनीच्या मागच्या दारावर चंदेरी कागदाचं सील. आणि दोन माणसांची नावं वॉशिंग्टनला कळवलेली, कस्टोडियन म्हणून. अमेरिकन कॉन्सुलेटची माणसं न सांगता कधीही येणार आणि दोघांपैकी एकानं दार उघडून द्यायचं. नाही दिलं तर मशिनीचं लायसन्स रद्द.

पहिलं नाव माझ्याबरोबर काम करणाऱ्या देसाईचं. दुसरं माझं. मुलगी आहे, रशियाला पळून जाणार नाही, असा मॅनेजर गोडबोले साहेबांचा हिशेब असावा. मी आत्याला मोठ्या ऐटीत सांगितलं की मला कस्टोडियन केलंय. ती म्हणाली, "म्हणजे वॉचमनच ना गं?"

पहिल्या वर्षी मजा वाटली. मग देसाईला अमेरिकेचा व्हिसा मिळाला. ज्या माणसानं मशीन कुणाला विकू नये म्हणून एवढा बंदोबस्त, त्यालाच त्यांनी आपल्या घरात घेतलं. तो गेला आणि मी एकटी उरले. त्याच्या जागी दुसरं नाव कळवलं, पण त्याला मंजुरी यायची होती आणि ती येत नव्हती. दिल्लीत कुणी रशियाच्या बाजूनं बोललं की वॉशिंग्टनमध्ये आठ्या पडायच्या आणि मुलुंडमध्ये माझी रजा रद्द व्हायची. चवथीला आमची अर्धी चाळ गावी गेली. मी नाहूर ते मुलुंड, मुलुंड ते नाहूर. ताप आला तरी कामावर. मी पेपर वाचायला लागले. पूर्वी फक्त सोन्याचा भाव आणि लग्नाच्या जाहिराती बघायचे. आता परराष्ट्रमंत्री कुठे गेला, कुणाशी हसला हे बघायचे आणि त्यावरून गावी जाता येईल का याचा अंदाज बांधायचे. हसू नकोस. माझं लग्न का राहिलं असं लोक विचारतात, त्यांना हे सांगायला हवं होतं.

त्याच सुमारास तुझं लग्न ठरलं. मार्गशीर्षात. मुलगा घाटकोपरला दवाखान्यात कंपाउंडर. मोठी असून धाकटीचं आधी, म्हणून गावात कुजबुज झाली असेल, पण मला खरंच आनंद झाला होता. गोडबोले साहेबांनी शब्द दिला, "तोवर दुसरं नाव मंजूर होईल. नाही झालं तरी मी बघतो. बहिणीचं लग्न आहे, तू जा." मी तुझ्यासाठी मोतिया रंगाचा शालू घेतला आणि आत्याच्या ट्रंकेत ठेवला.

मधे दसरा आला.

आपल्याकडे दसऱ्याला काय होतं ते तुला सांगायला नको. बाबा गिरणीत होते तेव्हा मागाला हार घालायचे, कुंकू लावायचे, नारळ फोडायचे आणि त्या दिवशी त्याच्यावर काम करायचे नाहीत. मुलुंडला कारखान्यात लेथला पूजा झाली, क्रेनला झाली, साहेबांच्या गाडीला झाली. मग सगळे म्हणाले, एवढं महागाचं मशीन, त्यालाच तेवढं वगळायचं? झेंडूचा हार आला. साहेबांनी ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि पुजायला जागा शोधली. समोरून सगळी बटणं. मागे गेले तर दाराच्या बरोबर मधोमध ते चंदेरी सील, कपाळासारखं. साहेबांनी तिथंच ठसठशीत कुंकू लावलं, त्याखाली हळद. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. मी तर बाबांची आठवण काढून डोळे मिटून उभी होते.

ओल्या कुंकवानं कागद फुगला. सुकताना त्याचा एक कोपरा सुटून वर आला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दिवाळीनंतर कॉन्सुलेटची माणसं आली. एक उंच, केस मागे सारलेला अमेरिकन आणि त्याच्याबरोबर आपल्याकडचा एक मदतनीस. मी दार उघडून दिलं. अमेरिकन मशिनीच्या मागे गुडघ्यावर बसला, सुटलेल्या कोपऱ्याकडे आणि लाल डागाकडे बघत राहिला. मग मला विचारलं, हे काय? शैले, कधी कुणा परक्याला कुंकू म्हणजे काय हे समजावून सांगितलंयस? मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की जे आम्हाला जेवू घालतं त्याची आम्ही वर्षातून एकदा पूजा करतो. तो नीट ऐकत होता. चांगला माणूस होता, हे मी आजही म्हणेन. तो म्हणाला, "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण मी जे कळवीन ते वाचणारे तुम्हाला भेटलेले नाहीत."

त्यानं सीलचे फोटो काढले. उत्तर येईपर्यंत मशीन बंद, खोलीला त्यांचं कुलूप आणि कुलपावर नवं सील. आणि ते पुन्हा केव्हाही येतील, तेव्हा कस्टोडियन हजर पाहिजे.

गोडबोले साहेब दोन दिवस माझ्याशी नजर मिळवत नव्हते. तिसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "सुलभा, मी तुला थांब म्हणू शकत नाही, शब्द दिलाय. पण तू नसताना ते आले तर लायसन्स गेलं. लायसन्स गेलं की ऑर्डर गेली. मग खालची पोरं घरी." खाली वेल्डिंग करणाऱ्यांतले निम्मे आपल्याच बाजूचे होते. घरी बसलेला माणूस कसा दिसतो हे मी रोज बघत मोठी झाले नव्हते, पण गावातलं शेवटचं वर्ष तेच बघितलं होतं. बाबा ओटीवर बसून हातानं हवेत धागा जोडल्यासारखं करायचे, तुला आठवतं?

मी गावच्या पोस्टात ट्रंक कॉल लावला. बाबांना बोलावून आणेपर्यंत लाइन दोनदा तुटली. मनातून मला वाटत होतं, त्यांनी ओरडावं. म्हणावं, कसलो कारखानो, पयली घरा ये. मग मी निघाले असते, सगळं सोडून. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कारखानो बंद पडलो तर काय होता ता माका ठावक आसा. तू थयच रव." आणि मला रडू फुटायच्या आत फोन ठेवून दिला.

शालू आत्याबरोबर गेला. मी गेले नाही.

तुझ्या लग्नाच्या दिवशी मी त्या बंद दारासमोर स्टुलावर बसले होते. काही काम नाही. आत मशीन बंद, बाहेर मी. कुणी येत नव्हतं आणि मला हलता येत नव्हतं. मुहूर्ताची वेळ झाली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मी मनात मंगलाष्टकं म्हटली, दोन कडव्यांच्या पुढे आठवेनात. मला इतका राग आला. अमेरिकेचा आला, रशियाचा आला, कुंकू लावायला नेमकी तीच जागा शोधणाऱ्या साहेबांचा आला. सगळ्यात जास्त बाबांचा आला, कारण ते बरोबर बोलले होते. दोन एवढाले देश एकमेकांवर डोळे वटारून बसले होते आणि त्यांच्या मधे माझं स्टूल होतं. कॉन्सुलेटमधून त्या दिवशी कुणी आलं नाही. त्या आठवड्यातही नाही.

पुढे उत्तर आलं. गैरप्रकार आढळला नाही, मशीन चालू करावं, यापुढे सीलला कोणताही धार्मिक पदार्थ लावू नये. साहेबांनी पेढे वाटले. मी घेतला नाही.

आणि मग तू आलीस. लग्नानंतरचं पहिलं माहेरपण गावी व्हायचं, पण नवऱ्याला सुट्टी नव्हती आणि घाटकोपरहून गाव लांब. आईनं निरोप पाठवला होता, "ताईकडे जा, थयच तुझा म्हायार." दारात तू हिरव्या बांगड्या, हातात पिशवी, आणि आत्या मला ढोसत होती, "अगं, भाकरतुकडा कोण ओवाळणार? तूच." मी ओवाळला. तू माझ्यावर रागावलेली होतीस. आत आलीस, पिशवी टाकलीस, माझ्या अंथरुणावर आडवी झालीस आणि दिवे लागेपर्यंत झोपलीस. सासरी कुणी अशी झोपत नाही. मी शेजारी बसून तुझ्या पायांच्या नखांवर उरलेली हळद बघत होते. ज्या लग्नाला मी नव्हते, त्या लग्नाची हळद.

दुसरी नावं मंजूर होऊन मशिनीवरून माझं नाव उतरलं त्याच वर्षी देसाईचं पत्र आलं. तिकडे नोकरी आहे, अर्ज कर. तेव्हा तुला दिवस गेले होते आणि पहिलं बाळंतपण माहेरी असतं. मी अर्ज केला नाही. पुढे आत्या गेली, बाबा गेले, आई गेली. चाळ पाडून इमारत झाली, त्यात मला दुसऱ्या मजल्यावर जागा मिळाली. तुझी मनीषा आता अमेरिकेत असते आणि विमानातून उतरली की बॅगा घेऊन थेट इथे येते. या वेळी अंघोळ न करताच झोपली, तुझ्यासारखी.

तुम्ही दोघं रिटायर होऊन गावी गेलात. तू दर फोनवर म्हणतेस, ताई, आता तुला कोण अडवतंय, ये कायमची घरी. खरंच कुणी अडवत नाही. दाराला सील नाही, कुणी तपासायला येणार नाही. चार दिवस येते मी तुझ्याकडे, समुद्र बघते, मासे खाते, आणि पाचव्या दिवशी जीव घाबरा होतो, की मनीषा आली आणि दाराला कुलूप दिसलं तर? त्या स्टुलावर बसले होते तेव्हा कधी एकदा सुटते असं झालं होतं. इथं मला तू बसवलंस, शैले, आणि इथून मला सुटायचं नाही.