बोरीहून परत आलेला सफारी

लग्नात सासऱ्यांनी दिलेला सफारी मी मुंजाभाऊला विकला, तेव्हा माझी प्रकृती उत्तम होती. (जरा जास्तच उत्तम. त्या सफारीचं बटण पोटावर लागेनासं झालं होतं.)

सुरुवात एका वाटीपासून झाली. परभणीत आमच्या गल्लीत बोहारीण यायची. आमच्या सुशीलानं तिला गाठोडंभर जुने कपडे दिले आणि बदल्यात स्टीलची एक वाटी घेतली. तीही आमटीची नव्हे, चटणीची! मी कचेरीतून आलो, वाटी पाहिली आणि माझ्यातला व्यापारी जागा झाला.

"ही सरळ लूट आहे! यापुढं आपले जुने कपडे आपणच विकायचे. ओसरीवर, रोखीनं!"

"आन कुणाला पसंत पडले न्हाई तर?" सुशीलानं विचारलं.

"तर वापस! दुकानदार पाटी लावतात, विकलेला माल परत घेणार नाही. आपण उलटं करायचं. गिऱ्हाईक नाराज, तर माल वापस!"

हे मी इतक्या तावात बोललो की सगळ्या गल्लीनं ऐकलं. गल्लीत तेव्हा एकच टीव्ही होता, त्यामुळे लोकांना ऐकायला भरपूर सवड असे.

दिवाळीच्या आधी माल खपला. शिमग्यानंतर तो परत यायला लागला. कोपऱ्यावरचे पोस्टमन माझा स्वेटर घेऊन आले.

"काय झालं? फाटला का?"

"न्हाई ओ. थंडीभर घातला, लय चांगला हाय. पण आता गरम व्हायलाय. वापस घ्या."

घेतला. काय करणार, शब्द दिला होता! मग शेजारच्या काकू सुशीलाचं लाल पातळ घेऊन आल्या. पातळाचा रंग गेला होता, आणि तो जाऊन काकांच्या बनियनांवर बसला होता. काकूंनी पातळ तर वापस केलंच, वर गुलाबी बनियनंही माझ्या पुढ्यात ठेवली. "ह्ये बी घ्या. आमचे ह्ये घालंनात!"

"बास करा ही दुकानदारी," सुशीला म्हणाली. मी बास करणारा नव्हतो, कारण त्याच आठवड्यात मुंजाभाऊ आला.

मुंजाभाऊ पूर्णेकडच्या एका खेड्यातून आमच्या गल्लीत भाजी आणायचा. त्याचा मुलगा बालाजी सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. पोरगी बघायला जायचं होतं आणि अंगावर घालायला झकपक काही नव्हतं. मी सफारी बाहेर काढला.

या सफारीबद्दल सांगायला हवं. माझे सासरे जिंतूर तालुक्यातल्या बोरीचे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. माझ्या लग्नात आबांनी बाटलीसारख्या हिरव्या कापडाचा अख्खा तागा स्वस्तात आणला आणि जावयासकट घरातल्या यच्चयावत पुरुषांना त्यातून सफारी शिवले. लग्नाच्या फोटोत आम्ही सगळे बँडवाले दिसतो. खरे बँडवाले हातातल्या पिपाण्यांमुळं ओळखू येतात, एवढंच.

"आवो, काय करायलाव? आबांचा आहेर हाय तो!" सुशीलानं आतून दटावलं.

"कुणाला कळतंय? मुंजाभाऊ, पोरगी कुठली?"

"जिंतूरकडची."

"बघ!" मी सुशीलाला म्हणालो. "जिंतूर तालुक्यात बोरीशिवाय काय कमी गावं आहेत?"

मुंजाभाऊनं मग माझ्याशी भाव केला, आणि असा केला की मी वांगी विकतोय असं मलाच वाटायला लागलं. शेवटी त्यानं रोख पैसे दिले. "नाराज झालात तर वापस!" मी दारापर्यंत जाऊन ओरडलो.

चार दिवसांनी सफारी वापस आला. मुंजाभाऊचा चेहरा बघून मी मुकाट्यानं पाकीट काढलं.

"पैशे नको, भाऊसाहेब. आमची सोयरीक वापस द्या."

"सोयरीक? ती मी कुठून देऊ?"

"तुमीच मोडली! आमी बोरीला गेलो. बैठकीत पाहतो तर काय, पोरीकडचे समदे गडी ह्याच कापडात! बालाजी आत गेला, तर त्यांला वाटलं आपलाच कुणी हाय. त्येला म्हणले, पाव्हण्यायला पाणी आण!"

"मग?"

"मग एक म्हातारं उठलं. कापड चाचपलं, कॉलर उलटी करून शिवण पाहिली. म्हणलं, ह्यो तर आमच्या जावयाचा सफारी! उसन्या कपड्यावर पोरगी बघायला आले, ह्यांच्या घरात काय असंल? पोहे बी न्हाई दिले."

आतून सुशीला धावत आली. "आगं बाई, म्हंजी आमची मंगल!" मंगल तिच्या चुलत्यांची मुलगी.

"पोराला पोरगी लय पसंत हाय वो," मुंजाभाऊ खाली बसला. "जेवंना झालाय. तुमी चला, आन सांगा की कपडा उसना न्हाई, आमी इकत घेतलाय."

 म्हणजे बालाजीची अब्रू वाचवायची तर आबांसमोर उभं राहून म्हणायचं, तुमचा आहेर मी विकला! पोट बिघडल्याचं सांगून पाहिलं. सुशीलानं ओवा दिला, सफारी हातात कोंबला, मुंजाभाऊसोबत यष्टीत बसवलं आणि स्वतःही बसली.

बोरीच्या बैठकीत आबा, चुलतसासरे आणि तीन मेहुणे रांगेनं बसले होते. (नशीब, धोतर-पायजम्यात!) मी उभा राहिलो. घसा खाकरला. परत खाकरला.

"आबा, पोराचा काही दोष नाही. सफारी त्यांनी विकत घेतला. विकला... मी."

आबांनी माझ्या हातातल्या सफारीकडं पाहिलं, मग माझ्या पोटाकडं.

"पैशे पुरे दिले?" आबांनी विचारलं.

"रोख."

"भाव केला का?"

"दुपारभर! निम्म्यावर आणलं मला!"

आबांच्या मिश्या हलल्या. ते भावाकडं वळले. "पाहा! आपल्या जावयाला निम्म्यावर आणणारं घर! पोरगी उपाशी राहायची न्हाई. मंगलला इचारा."

सुशीला आत जाऊन आली. "ती म्हणायलीय, कपड्याचं तुमचं तुमी पाहा. पोरगा पसंत हाय."

सोयरीक जमली! मुंजाभाऊनं सफारी माझ्या हातातून काढून घेतला. बालाजी त्यातच बोहल्यावर चढला आणि खरंच रुबाबदार दिसला. मला इतकं बरं वाटलं की मी दोनदा जेवलो. निघताना आबांनी मला आहेर केला: धोतरजोडी.

"जावईबापू, ह्याला बटणं नसत्यात. पोट वाढू द्या."

मला धोतर नेसता येत नाही. म्हणून एकदा ते ओसरीवर विकायला ठेवलं. गिऱ्हाइकानं पोत पाहिला, काठ पाहिला, मान डोलावली, आणि भाव विचारायच्या आधी विचारलं, "भाऊसाहेब, सासऱ्याला इचारलंय ना?"