अकरा कोऱ्या ओळी

मुकुंदवाडीतल्या आमच्या एका खोलीत टेबल नव्हतं. मी इंजिनिअरिंगचा अभ्यास पत्र्याच्या पेटीवर केला. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, हे मी सगळ्यांना सांगतो. औरंगपुऱ्यातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या चाचांनाही सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा. अँटेना सरळ धर."

चाचा ऐकताना चष्मा काढतात. मॉडेल रॉकेटची उंची रेडिओवरून लॅपटॉपवर नोंदवणारं माझं सॉफ्टवेअर त्यांच्याच दुकानात तयार झालं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तोच होता.

चाचणीला माळावर रॉकेट उडवलं. पडद्यावर उंची १८० मीटर झाली आणि तिथंच थांबली.

"वर टांगलं का कुणी?" चाचांनी विचारलं.

ते गेले, बाभळीत अडकलेलं रॉकेट घेऊन आले आणि लॅपटॉपशेजारी ठेवलं. त्याची बॅटरी निखळली होती. पडद्यावर अजून १८०च. सिग्नल तुटला की सॉफ्टवेअरने शेवटचाच आकडा लिहीत राहायचं, हे मीच ठरवलं होतं. म्हणजे आलेख तुटत नाही, चांगला दिसतो.

"जो नहीं आया, वो नहीं आया लिख, बेटा."

मी तो नियम काढून टाकला. पुढच्या उड्डाणाच्या नोंदीत अकरा ओळी कोऱ्या राहिल्या. परीक्षकांनी कारण विचारलं. मी म्हणालो, "सिग्नल आला नाही." त्या ओळींसकट प्रोजेक्ट पास झाला आणि मी आमच्या घरातला पहिला इंजिनिअर झालो.