थर्मासमधलं रक्त

नव्वदच्या दशकात मी जळगावच्या एका लॅबमध्ये कामाला होतो. एकदा पाचोऱ्याहून एक बाप आला. थोरल्या मुलाला लहानपणीच मधुमेह झालेला. धाकटीच्या रक्तातही स्वादुपिंडावर उलटलेल्या पेशी आहेत का, ते मुंबईचे डॉक्टर बघणार होते. रक्त आमच्या लॅबमधून पुढे जाणार होतं, आणि त्यासाठी पेशी जिवंत पोचायला हव्या होत्या.

त्याने थर्मास दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला, उपरण्याने पुसला. "बठ्ठं गार शे, भाऊ. गाडीत मांडीवरून खाली नाही ठेवला."

आत बर्फात रक्ताची नळी. पोराचं इन्सुलिन तो वर्षानुवर्षं असंच नेत होता. बर्फाने या पेशी निकामी होतात, हे त्याला कोण सांगणार? त्याला पाठवलेली चिठ्ठी मीच लिहिली होती, 'रक्त ताबडतोब आणावे.' बर्फाबद्दल एक अक्षर नाही.

"वाया गेलं! पुन्हा काढावं लागेल," मी त्याच्यावरच खेकसलो. "इतकंही कळत नाही?"

त्याने बर्फ मोरीत ओतला, थर्मास विसळला, झाकण घट्ट लावलं.

"सुईले घाबरते ती. भाऊले रोज टोचताना पाहते ना," एवढंच म्हणाला. "या वेळी काय करायचं नाही, तेही लिहून द्या."

मी लिहून दिलं. चूक माझी होती, तेवढं मात्र लिहिलं नाही.